गादीपुरता दम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या गल्लीत तो टेम्पो येतो. टपावर भोंगा, मागं कापूस पिंजायचं मशीन. "गादी, रजई, उशी! जुनी द्या, नवी करून घ्या! तुमच्या दारात, तुमच्या डोळ्यांसमोर!" भोंगा बोंबलत असतो आणि आमची सूनबाई जिन्यातूनच मला विचारते, "अम्मी, यंदा तरी तुमची ती गादी देऊन टाकू का पिंजायला? नुसत्या गाठी झाल्यात तिच्यात." मी नाही म्हणते. ती दरसाल विचारते, मी दरसाल नाही म्हणते. म्हातारी हेकट आहे, असं ती शेजारणीला सांगते. आहेच म्हातारी हेकट. उगाच खोटं कशाला बोलू?

खिडकीत बसून मी ते मशीन बघते. एका अंगानं कापूस आत घालायचा, दुसऱ्या अंगानं तो फुगून बाहेर येतो. अर्ध्या-पाऊण तासात गादी तयार. मशीनवाल्यानं नाकाला फडकं बांधलेलं असतं, तरी तो मधेच थांबतो, फडकं खाली ओढतो आणि खोकतो. कोरडा, आतून खरवडत येणारा खोकला. तो मी हजारांत ओळखीन. एकदा तो कानावर पडला की माझा अख्खा दिवस कामातून जातो. चहात साखर नसतेच, डॉक्टरांनी कधीच बंद केलीय, पण त्या दिवशी तो फिका चहाही घशाखाली उतरत नाही.

मी पिंजाऱ्याची लेक, पुसेगावची. माझे वडील चाँदभाई पिंजारी. आसपासची सगळी खेडी त्यांना चाँदमामू म्हणायची. खांद्यावर पुरुषभर उंचीचं पिंजण, त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात आणि हातात लाकडी दस्ता. कापसाच्या ढिगात तात धरायची आणि दस्त्यानं ठोकायची. धंव्-तंव्, धंव्-तंव्. तो आवाज गावात आला की बाया म्हणायच्या, थंडी आली गं. निजामाचं राज्य होतं, बाहेर कुठंतरी साहेबाची मोठी लढाई पेटली होती. आमच्या घराला मात्र दोनच मोसम ठाऊक होते, कापसाचा आणि बाकीचा. घरात आम्ही दखनी आणि मराठीची खिचडी बोलायचो. मराठी लिहायला मी लग्नानंतर शिकले, पुढं पोरींच्या शाळेत मास्तरीण झाले, म्हणून ही लिहायची खोड. नाहीतर पिंजाऱ्याच्या घरात कागदाला कोण विचारतं?

मला लिहायचंय ते त्या एका मोसमाबद्दल. मी सोळा वर्षांची होते आणि उन्हाळ्यात माझं लग्न व्हायचं होतं.

लोक कापसाला मऊ म्हणतात. म्हणू देत बापडे. ज्यांनी तो नुसता पाठीखाली घेतला त्यांना तो मऊच लागणार. पिंजायचं काम बंद खोलीत चालतं. दार उघडं राहिलं तर वाऱ्यानं कापूस उडतो आणि घरची मालकीण डोळे वटारते. म्हणून दार लोटायचं, खिडकीला पोतं लावायचं आणि आत धंव्-तंव्. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप यायची. तिच्यात कापसाचं बारीक तूस तरंगताना दिसायचं, खाली बसायचं नावच घ्यायचं नाही. अब्बांच्या भुवया, पापण्या, दाढी सगळं पांढरं व्हायचं. लहान असताना मला त्याचं हसू यायचं. सकाळी काळ्या दाढीचा बाप घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळी म्हातारा होऊन परत यायचा. बाहेर दिसतं त्याच्या कितीतरी पट तूस आत जातं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही काय करणार होतो म्हणा.

खोकला आमच्या घरात माणसासारखा राहायचा. अब्बांच्या अब्बांनाही तो होता. पण त्या साली त्यानं घराचा ताबाच घेतला. नमाजात डोकं टेकवलं की उबळ यायची, म्हणून अब्बा बसूनच नमाज पढायला लागले. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायला लागले. साऱ्या जगाच्या गाद्या भरणारा माणूस, आणि त्याच्या नशिबाला भिंत! बोलताना अर्ध्या वाक्यात थांबायचे, हात वर करून आम्हाला थांबवायचे, श्वास मिळाला की उरलेलं अर्धं वाक्य बोलायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झाली की अम्मा आणि मीही मधे थांबून बोलायला लागलो.

आता गुळाचं सांगते. आमच्याकडं रीत अशी होती की पिंजाऱ्याचं काम संपलं की घरच्या बाईनं त्याला गुळाचा खडा द्यायचा, वरून तांब्याभर पाणी. गूळ पोटात जाताना घशातलं तूस ओढून नेतो, असा समज. ज्या घरानं गूळ दिला नाही ते घर कद्रू. आणि पिंजाऱ्यानं गूळ नाकारला तर त्याहून वाईट, मग त्या गादीवर निजणाऱ्याला सुख लागत नाही म्हणायचे. लग्नाची गादी असली तर विचारूच नका. बाया खडा वरून टाकायच्या, हात लागणार नाही असा, अब्बांच्या ओंजळीत. पाणीही वरूनच ओतायच्या. "खा हो मामू, दमलात," असं तोंडानं अगदी मायेनं म्हणायच्या आणि हात मात्र वीतभर वर. माझं डोकं फिरायचं. अब्बा वाटेनं म्हणायचे, "गूळ तर गोडच हाय ना बेटा? वरून पडला म्हणून काय कडू झाला?"

त्या साली पावसाळ्यातच अब्बा सुकत चालले होते. तहान तहान करायचे, घागर रिकामी करायचे. एक दिवस अम्मानं, अब्बा रात्री लघवीला जायचे त्या मोरीपाशी मुंग्यांची रांग बघितली. ना गूळ सांडलेला, ना साखर, आणि मोरीला मुंग्या! अम्मा हातातलं भांडं खाली ठेवून तिथंच बसली. तिच्या मामाला हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडून आम्ही हिंगोलीच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर वाईट नव्हता. काचेच्या नळीत लघवी घेऊन निळं औषध घातलं, दिव्यावर धरलं. निळ्याचं विटकरी झालं ते त्यानं मला दाखवलं. म्हणाला, "साखरेची बीमारी आहे. गोड बंद. गूळ, साखर, केळी, खजूर, काही नाही. पायांना जपा, जखम झाली तर भरायची नाही." मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. "आणि हा कापूस सोडा."

अब्बांना हसू आलं, हसता हसता खोकला आला. "साहेब, कुंभाराला कधी माती सोड म्हणता का तुमी?"

"खोकल्याला काही दवा?" अम्मानं विचारलं.

"कापूस सुटला की खोकला सुटेल," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

झालं, मग खोकल्यासाठी हकीम. तो गोरेगावच्या बाजाराला पाल ठोकून बसायचा. त्यानं नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं की सीना सुकलाय, त्याला ओलावा पाहिजे. चिनी मातीच्या बरणीत काळं, दाट चाटण दिलं. दिवसातून तीनदा बोटभर. अडुळशाचा उग्र वास त्याला, आणखी काय काय त्यालाच ठाऊक. बरणी पाण्याच्या थाळीत ठेवायची, म्हणजे मुंग्या लागत नाहीत, असंही बजावलं. मग अम्मा त्याच्याशी बाजूला जाऊन काहीबाही बोलत राहिली. मी शेजारी बांगड्यांच्या पालात रमले होते. लग्न ठरलेल्या पोरीला बांगड्या दिसल्या की दुसरं काही दिसत नाही.

डॉक्टरकडं साखर, हकिमाकडं खोकला. पायाला मुंग्या येतात म्हणून एक तेलवाला यायचा, त्याच्याकडं पाय. सगळ्यांनी अब्बांचे असे वाटे करून घेतले. ह्यानं सांगितलेलं त्याला ठाऊक नाही, त्यानं दिलेलं ह्याला ठाऊक नाही. अख्खे अब्बा तेवढे आमच्या घरी. आज माझंही तेच आहे. छातीचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, पायाचा आणखी तिसरा. गोळ्यांचा डबा सूनबाई लावते. तिघांच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघते बिचारी, काही कळलं नाही की मला विचारते. मला तरी काय कळतंय? पण तिनं त्या शेजारी ठेवल्या, एवढंच मला खूप वाटतं.

त्या मोसमात अम्मानं मला अब्बांच्या राखणीला बसवलं. "बराबर जायचं, गुळाचा कण तोंडात पडू द्यायचा न्हाई," असा हुकूम. लग्न ठरलेली पोरगी दारोदार हिंडते म्हणून लोक बोलले. बोलू देत म्हटलं. मी टाके घालायचं काम करायची. गूळ आला की अब्बांच्या ओंजळीच्या आधी माझा पदर पुढं. "इकडं टाका मामी, अब्बा घरी जाऊन खातेत." वाटेत तो मीच खाऊन टाकायची, कारण घरी नेला तर त्यांना वास लागेल. पुसेगाव, गोरेगाव, मधली सगळी खेडी, तांड्यावरचीसुद्धा चार घरं. रोज एक खडा, कधी दोन. डॉक्टर आता म्हणतात, आजी, तुमची साखर घराण्यातून आली. मी मनात म्हणते, घराण्यातून कशाला, पदरातून आली.

गोरेगावचं ते लग्नघर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मालकिणीचं नाव गोदाकाकू. तिच्या लेकीची गादी होती. दीड दिवस पिंजून, भरून, टाके घालून झालेली, वर लाल छिटाची खोळ. काम संपलं. पाहुण्यारावळ्या आठ-दहा बाया ओसरीवर बसलेल्या. गोदाकाकूनं चांगला सुपारीएवढा खडा आणला. मी पदर पुढं केला.

"आज पदर मागं घे पोरी," ती म्हणाली. "लगीनगादी हाय माझ्या लेकीची. मामूनं माझ्यासमोर खाल्ला पाह्यजे."

"न्हाई, काकू. डॉक्टरनं बंद केलंय त्यास्नी."

"एका खड्यानं काय मरतंय माणूस? काहून येवढी कठोर होऊन राहिलीस बापावर?"

तिनं खडा सोडला. अब्बांच्या ओंजळीत पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, सरळ तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले. माणसाला इतकं सुख झालेलं मी त्या मोसमात पहिल्यांदाच बघत होते, आणि मला काय झालं अल्लाच जाणे, मी त्यांच्या तोंडासमोर हात धरला.

"थुका."

त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

"थुका, अब्बा. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी थुंकला. ओला, अर्धा विरघळलेला खडा माझ्या तळहातावर. ओसरीवरच्या बाया लुगड्याचा पदर तोंडाला लावून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, लगीनघरात इपरीत झालं." गोदाकाकू आत निघून गेली. अब्बांनी पिंजण खांद्यावर घेतलं आणि सरळ चालायला लागले. वाटेत तीन वेळा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा बराच वेळ श्वास मिळेना. मग म्हणाले, "बराबर केलंस, बेटा." मला केवढं बरं वाटलं त्या शब्दानं! आज तोच शब्द आठवला की कान बधिर होतात.

घरी आलो, मी हात धुतले आणि बरणी उतरवून त्यांना चाटण दिलं. तो माझा सकाळ-दुपार-संध्याकाळचा नेम. बोटावर घ्यायचं आणि त्यांच्या जिभेवर ठेवायचं. अब्बा असं काही तोंड वाकडं करायचे की आम्हाला हसू यायचं. "तोबा, तोबा! कडूझार हाय गं! हकीम नुस्ता कडुनिंब वाटून देऊन राहिला काय?" मी म्हणायची, "दवा हाय, पेढा न्हाई. गिळा मुकाट्यानं." ते गिळायचे नाहीत. डोळे मिटून बराच वेळ तोंडात घोळवत बसायचे. "येवढं कडू काहून घोळवता?" म्हटलं की सांगायचे, "घोळवल्याबिगर गुण येत न्हाई, हकीम म्हणलाय." चाटण पोटात गेलं की तास-दोन तास खोकला दबून राहायचा आणि तेवढ्यात ते कापसाला बसायचे.

मी ते कधी चाखलं नाही. अम्माची सक्त ताकीद होती. दुसऱ्याचं औषध चाखलं की त्याचा अर्धा गुण चाखणाऱ्याकडं जातो, अशी रीत तिनं मला सांगितली होती. बापाचा अर्धा गुण मी कशाला घेईन? बोटाला राहिलेलं मी दाराच्या चौकटीला पुसायची. चौकटीवर मुंग्यांची रांग लागलेली असायची. मला वाटायचं, माझ्या पदराच्या गुळाला लागल्या मेल्या. रोज बघत होते ती रांग! अम्माला मोरीपाशी एक रांग दिसली आणि तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मला रोज दिसली आणि मी फडकं मारून पुसली.

मग तो दाभण. एका गावी टाके घालायला बसले तर दाभण सापडेना. कापूस उपसला, पोती झटकली. चांगला बोटभर लांब दाभण, जाणार कुठं? कापसात राहिला तर निजणाऱ्याचा जीव जायचा. शोधता शोधता माझं लक्ष अब्बांच्या पायाकडं गेलं. तो त्यांच्या टाचेत होता. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि ते त्याच पायानं खोलीभर फिरून मला विचारत होते, "त्या कोपऱ्यात बघितलास का?"

"अब्बा, दुखलं न्हाई तुम्हाला?"

"काय?" ते म्हणाले.

मी दाभण ओढून काढला तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. जखम दोन दिवसांत सुजली, आठ दिवसांत काळी पडली. हळद झाली, कडुनिंबाचं पाणी झालं. परत हिंगोली. डॉक्टरनं पट्टी सोडली आणि नाकाला रुमाल लावला. म्हणाला, मोठ्या दवाखान्यात न्या, पाय काढावा लागेल. मग माझ्याकडं वळला. "गोड बंद आहे ना?"

"एक कण न्हाई साहेब," मी छाती पुढं काढून सांगितलं. राखणदार ना मी!

त्यानं पुन्हा नळी तापवली. पुन्हा विटकरी, पहिल्यापेक्षा गडद. "मग असं कसं? चोरून खात असतील."

येताना गाडीत मी अब्बांना काय काय बोलले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही म्हणाले. मी सगळ्या मुलखात वाईट झाले ते कोणासाठी म्हणाले. रडले, ओरडले. गाडीवान मान खाली घालून बैल हाकत होता. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गूळ खाल्ला न्हाई बेटा. तुझी कसम." अम्मा बाहेर बघत बसली होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, ती माझ्यासारखीच चिडलीय.

मोठ्या दवाखान्यात जायला अब्बा तयार होईनात. "लगीन होऊ दे, मग पाय काय, मुंडकं काढा," म्हणायचे. त्यांना एकच ध्यास लागला होता, माझी गादी. पहिल्या वेचणीचा कापूस त्यांनी त्यासाठी वेगळा ठेवला होता, पांढरा स्वच्छ, पाचोळ्याचा एक तुकडा नसलेला. अम्मा म्हणाली, सेनगावचा पिंजारी येऊन करून देईल, तुम्ही बसा. तर केवढे चवताळले! "माझ्या लेकीची गादी दुसरा पिंजंल? मग मी काहून जलमलो?" एवढं बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. पण बोलले.

पट्टी बांधलेला पाय उपड्या घमेल्यावर ठेवायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि मला म्हणायचे, "दे ती कडू दवा." मी द्यायची. तासभर धंव्-तंव् चालायचं. मग तात थांबायची आणि खोकला सुरू व्हायचा. दीड दिवसाच्या गादीला तीन आठवडे लागले. शेवटी शेवटी ते चाटण चार वेळा मागायचे, पाच वेळा मागायचे. मीही द्यायची. बाप एवढं कडू औषध मागून मागून घेतोय, जगायची केवढी उमेद आहे, म्हणून मला भरून यायचं. मूर्ख, मूर्ख पोरगी!

गादी झाली. दोन उशा राहिल्या. फाल्गुनातल्या एका दुपारी, उन्हं कलायच्या आत, अब्बा भिंतीला टेकल्या टेकल्या गेले. हकीम मातीला आला होता, तो म्हणाला साखरेनं गेले. पुढं हिंगोलीत डॉक्टर भेटला, तो म्हणाला छातीनं गेले. दोघांनी मरण एकमेकांच्या दारात ढकललं आणि हात झटकले. चालायचंच.

तिसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी कोनाड्यातली बरणी काढली. थाळीतल्या पाण्यावर मेलेल्या मुंग्या तरंगत होत्या. तळाला बोटभर चाटण राहिलेलं. धुवायला म्हणून बोट फिरवलं. आता कोणाचा गुण जाणार होता? बोट जिभेला लावलं.

गोड! पाकासारखं गोड. अडुळशाचा कडवटपणा होता, पण मागून, कुठंतरी लांबून आल्यासारखा. मी पुन्हा बोट घातलं, पुन्हा चाखलं. मग बरणी घेऊन अम्मासमोर गेले. ती ज्वारी निवडत बसली होती.

"अम्मा, हे गोड हाय."

"व्हय," ती म्हणाली. सुपातनं मान वर केली नाही.

"तुला ठावं होतं?"

"हकिमाला म्या साखरेचं सांगितलं होतं. तो म्हणला, पाकाबिगर चाटण होत न्हाई. कोरडी पूड देतो, पर तिनं उबळ थांबायची न्हाई. तुझ्या अब्बाला इचारलं. ते म्हणले, साखर मारंल ती सावकाश मारंल. खोकला तर तात धरू देईना. मला गादीपुरता दम पाह्यजे." ती थांबली. खोकला तिला नव्हता, तरी थांबली. "अन् म्हणले, रहिमाला सांगू नको. तिला कळलं तर ती द्यायची न्हाई."

"आणि चाखायचं न्हाई, गुण जातो, ते?"

"ते मीच काढलं."

तशी रीत मी पुढं सासरी विचारली, शाळेतल्या बायांना विचारली. कोणीही ऐकलेली नव्हती.

एवढी वर्षं झाली, माझा राग गेलेला नाही. कुंपणानंच शेत खाल्लं आणि राखणीला मला बसवलं. एका खड्यासाठी मी त्यांना आठ-दहा बायांच्या देखत थुंकायला लावलं. त्या वेळी ते म्हणू शकले असते की अगं, घरी तूच तर मला रोज पाक चाटवतेस. म्हणाले नाहीत. थुंकले. गाडीत मी तोंडाला येईल ते बोलले तेव्हा माझी कसम घेतली, आणि कसम खरीच होती, गूळ त्यांनी खाल्लाच नव्हता. आणि ते वाकडं तोंड! दिवसातून तीनदा, पाचदा, माझ्यासमोर केलेलं ते सोंग. किती हसायचो आम्ही.

ऐकणारे म्हणतात, केवढा जीव बापाचा लेकीवर! असेल. पण मला कोणी विचारलं होतं का? गादी पाहिजे की अब्बा पाहिजेत, एवढं साधं तर विचारायचं होतं. मी अब्बा म्हटलं असतं. गादी सेनगावचा पिंजारी करून देत होता. साध्या चटईवर संसार करणाऱ्या बाया काय मरतात? आता कधी कधी, चार पायऱ्या चढून धाप लागते, बोलता बोलता मला हात वर करावा लागतो, तेव्हा वाटतं की श्वासाची किंमत मला तेव्हा ठाऊक नव्हती. त्यांनी निवडायचं होतं ते त्यांनी निवडलं असेल. पण मग चाटवायला दुसऱ्या कोणाचं बोट घ्यायचं होतं. माझंच कशाला?

खोकल्याचं औषध आणलं की मी आधी सूनबाईला चाखायला लावते. "गोड हाय का कडू, खरं सांग." ती हसते, म्हणते, "अम्मी, बिनसाखरेचं आहे, चिठ्ठीवर लिहिलंय." तरी मी म्हणते, चाख. चिठ्ठी नको, तुझी जीभ पाहिजे मला.

आज टेम्पो जरा जास्तच वेळ थांबला होता. सूनबाई वर आली, गादीवर हात फिरवून म्हणाली, "दगड झालाय नुसता. रात्री झोप तरी लागते का हो तुम्हाला ह्याच्यावर?"

"न्हाई लागत," मी म्हटलं.

"मग?"

खाली मशीनवाला खोकत होता. मी उठून खिडकी लावून घेतली. "माझ्या बापाची गादी दुसरा पिंजंल?" म्हटलं. एवढं बोलायला मला दोनदा थांबावं लागलं.